देवगडचं जुनं घर : दोघांनी केलेल्या दुरुस्तीच्या नोंदी

घर देवगड तालुक्यात, सड्याच्या (जांभ्याच्या कातळपठाराच्या) उतारावर. नवऱ्याच्या आजोबांनी बांधलेलं. जोतं आणि भिंती जांभ्याच्या चिऱ्याच्या, मातीत बांधलेल्या. त्यावर मूळचा चुन्याचा गिलावा, आणि त्याच्यावर 1990 नंतर कधीतरी चढवलेला सिमेंटचा. पुढे पडवी, मग ओटी, माजघर, दोन्ही बाजूंना एकेक खोली, मागे चुलीची खोली आणि मागची पडवी. छप्पर मंगलोरी कौलांचं. आजेसासूबाई गेल्यापासून घर फक्त गणपतीला उघडायचं. आम्ही दोघं डोंबिवलीत नोकरी करतो. जमेल तेव्हा तुतारी एक्स्प्रेसने कणकवली गाठायची, लॅपटॉप सोबत, दुपारपर्यंत ऑफिसचं काम आणि मग घराचं, असा क्रम. फोडणं, खणणं, चुना, गिलावा, कौलं हे आम्ही केलं. सुतारकाम आणि वायरिंग पैसे देऊन करून घेतलं. कोकणात अशी घरं अजून पुष्कळ आहेत, म्हणून हे लिहून ठेवते आहे.

18 नोव्हेंबर 2023

दिवाळीला सगळे चुलते गावात होते, तेव्हाच कागद उरकले. ग्रामपंचायतीच्या नमुना 8 वर (घरपट्टीच्या उताऱ्यावर) घर अजून आजेसासऱ्यांच्या नावावर आहे. वारस पाच. दुरुस्तीला सर्वांची हरकत नाही, खर्च आमचा, हक्क सगळ्यांचे होते तसेच, असं तेव्हा 100 रुपयांच्या स्टँपपेपरवर लिहून नोटरी केलं. मुंबईच्या चुलत्यांनी "पैसे तुम्ही घालताय, उद्या भांडण नको" म्हणून स्वतःच हा आग्रह धरला. ज्यांच्या घरात भाऊबंद आहेत त्यांनी पहिली करणी उचलण्याआधी हे करावं. ग्रामपंचायतीला दुरुस्तीचा अर्ज दिला, घरपट्टीची थकबाकी भरली.

25 नोव्हेंबर 2023

एका ठेकेदाराला घर दाखवलं. त्याने भिंतीवर टिचकी मारली आणि म्हणाला, पाडा, स्लॅबचं बांधू, पंचवीस लाखांत होईल. दुसऱ्याने सांगितलं, कौलं काढून पत्रे घाला, आतून भिंतींना वॉटरप्रूफिंग करू. दोघांपैकी एकानेही घराची मागची बाजू पाहिली नाही.

शेजारचे अण्णा, वय ऐंशीच्या पुढे, कुंपणापलीकडून ऐकत होते. ठेकेदार गेल्यावर म्हणाले, "पाणी खयसून येता ता आधी बघा वयनी, मगे भिती फोडा."

आतल्या भिंतींना कमरेपर्यंत ओल होती, रंगाला फोड आलेले, पायथ्याशी पांढरा लोणा (क्षाराची भुकटी). ओल बाहेरून येते की खोलीतल्या हवेची, हे ठरवायला एक सोपी युक्ती आहे. हातभर लांबीरुंदीचा जाड प्लास्टिकचा तुकडा भिंतीला चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट चिकटवायचा आणि आठवडाभर ठेवायचा. थेंब खोलीच्या बाजूला जमले तर हवेतली वाफ; प्लास्टिकच्या मागे, भिंतीकडून जमले तर पाणी भिंतीतूनच येतंय. आमच्याकडे मागच्या बाजूलाच थेंब सापडले, आणि तेही पाऊस संपून महिना उलटल्यावर.

9 डिसेंबर 2023

मागच्या बाजूला उतार घराकडे आहे. वर्षानुवर्षं वरून माती वाहून आली आणि भिंतीला लागून साठली. खणायला लागलो तेव्हा कळलं की जोत्याचे वरचे दोन थर आणि भिंतीचा पहिला थर मातीखाली गेलाय. म्हणजे भिंत वर्षभर ओल्या मातीला टेकून उभी होती. भर म्हणून, पंधराएक वर्षांपूर्वी कुणीतरी घराभोवती सिमेंटचा कोबा केला. तो खचून त्याचा उतार भिंतीकडे झालेला. पागोळ्यांचं सगळं पाणी कोब्यावर पडून सरळ जोत्यात.

कोबा फोडला. भिंतीपासून दीड हात जागा सोडून चर खणला, अडीच फूट खोल, घराच्या दोन्ही अंगांनी फिरवून खालच्या व्हाळीला (ओहोळाला) जोडला. वरच्या बाजूला जांभ्याचा बांध घातला. भिंतीला लागून खणत राहिलो असतो तर जोत्याखालची जमीन सुटली असती. अण्णांनी पहिल्याच दिवशी तिथून हलवलं. साठलेली माती भिंतीपासून काढली तीही थोडी थोडी, एका वेळी चार-पाच फुटांचा तुकडा. जांभा फोडायला पहार लागते, कुदळ नुसती उसळते. चिरा वाहतुकीसह चाळीसच्या आसपास पडला. मजुरी धरून या कामाला 28 हजार.

यातलं काहीच फोटोत दिसत नाही. पण एवढ्या एका कामावर थांबलो असतो तरी घर आणखी वीस वर्षं उभं राहिलं असतं, असं आता वाटतं.

24 डिसेंबर 2023

सिमेंट काढणं.

जांभा छिद्राळ असतो. पावसाळ्यात पाणी पितो आणि नंतर सोडतो. वरती चुना असला तर ओल बाहेर निघून जाते. सिमेंटचा गिलावा ती वाट बंद करतो, मग ओल वर चढते आणि आतल्या बाजूने, माजघराच्या रंगातून बाहेर पडते. घरातल्या लोकांना वाटतं भिंत आणखी बंद करायला हवी. आमच्याकडे आधी सिमेंट, मग ऑइलपेंट, मग ओल दिसू नये म्हणून चार फुटांपर्यंत बाथरूमच्या टाइल्स, असा क्रम झालेला. प्रत्येक थराने ओल एकेक वीत वर ढकलली, ते टाइल्सच्या वरच्या डागांवरून स्पष्ट दिसतं.

सुरुवातीला ब्रेकर मशीन भाड्याने आणलं, दिवसाला 800 रुपये. दक्षिणेच्या भिंतीवर अर्धा तास चालवलं असेल, तर आतल्या बाजूला दोन चिऱ्यांच्या मधून वाळलेली माती धारेसारखी गळायला लागली. मातीत बांधलेल्या भिंतीला हादरे सोसत नाहीत. मशीन त्याच संध्याकाळी परत. मग हातोडा आणि रुंद पात्याची छिन्नी, भिंतीला जवळजवळ समांतर धरून. ठोकून पाहायचं: पोकळ आवाज आला तिथे सिमेंट आधीच सुटलेलं असतं, छिन्नी आत सारली की परातीएवढा पापुद्रा उतरतो. त्याच्या पाठीमागे चिरा काळपट ओला, आणि सिमेंटच्या आतल्या अंगाला बोटभर लांब पांढरी मुळं.

जिथे सिमेंट घट्ट बसलंय तिथे ते चिऱ्याचं तोंड सोबत घेऊन येतं. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो, हवेत राहून वरून कडक होतो. ते कडक कवच एकदा गेलं की आतला भाग पिठासारखा झडतो. म्हणून पश्चिमेच्या भिंतीचा वरचा भाग आम्ही तसाच ठेवला. खालचे तीन-साडेतीन फूट सगळीकडे मोकळे केले. नवऱ्याला हे अर्धवट काम अजून खुपतं. मला भिंत महत्त्वाची वाटते.

मास्क आणि गॉगल पहिल्या दिवसापासून. तरी माझा खोकला महिनाभर गेला नाही.

6 जानेवारी 2024

चुना.

देवगड-कणकवलीत विचारलं तर पानाला लावायचा चुना किंवा रंगाची पुडी पुढे येते. चुनकळी (न भिजवलेल्या चुन्याचे खडे) कोल्हापूरहून मागवली. टेम्पोत पोती ताडपत्रीखाली होती, पण दोन पोती हवा लागून आधीच फुगून पिठूळ झालेली निघाली. ती भिजवायच्या कामाची नाहीत. विकत घेताना पोतं उघडून खडे बघावेत: हाताला हलके, कडक, पांढरे. पीठ दिसलं तर परत करावं. आमचे दीड हजार गेले.

भिजवताना पाण्यात चुनकळी टाकायची. चुनकळीवर पाणी ओतायचं नाही. ओतलं तर ती उसळून अंगावर येते. डोळ्यांना गॉगल, हातात कोपरापर्यंत हातमोजे, शेजारी स्वच्छ पाण्याची बादली. हे सगळं केलं, पण पिंप प्लास्टिकचं घेतलं. चारेक घमेली टाकली तशी पाण्याला उकळी फुटली, वाफेचे लोट, आणि पिंपाची एक बाजू मऊ पडून पोट सुटल्यासारखी बाहेर आली. आम्ही दोघं मागे सरलो. ते फुटलं नाही हे नशीब. मग अंगणात उरलेल्या चिऱ्यांचा छोटा हौद केला, आतून मातीने लिंपला आणि पुढचा सगळा चुना त्यात भिजवला. लोखंडी पिंपही चालतं.

भिजलेला चुना जाळीतून गाळून, वर चार बोटं पाणी ठेवून, महिनाभर तसाच. गडबडीत वापरला तर न भिजलेला एखादा कण गिलाव्यात राहतो, मागाहून फुगतो आणि भिंतीवर देवीच्या वणांसारखे खड्डे पडतात.

10 फेब्रुवारी 2024

या नोंदीत सगळं फसलेलंच आहे.

पहिल्यांदा खाडीची वाळू वापरली, कारण तीच जवळ मिळते. एक भाग चुना, तीन भाग वाळू. ओटीच्या भिंतीवर नमुना म्हणून पाच फुटांचा पट्टा लावला. पंधरवड्यात त्यावर पांढरी लव आली. चिमूटभर वाळू जिभेवर ठेवली तर चक्क खारट. तो पट्टा खरवडून टाकला. उरलेली वाळू विहिरीच्या पाण्याने धुवायचा प्रयत्न केला, पण खारटपणा जाईपर्यंत विहीर तळाला जाईल असं दिसलं. शेवटी धुतलेली क्रश सँड आणली. महाग पडली. वाळू चुन्याइतकीच महत्त्वाची आहे हे कुणी सांगत नाही.

दुसरा नमुना इंचभर जाडीचा, एकाच हाताने. दुसऱ्या दिवशी त्यावर भेगांचं जाळं. चुन्याचा थर अर्ध्या इंचाच्या वर द्यायचा नाही, खड्डे असतील तर ते आधी चिपा घालून भरून घ्यायचे, पहिला थर घट्ट झाल्यावर दुसरा. आणि भिंत आदल्या दिवशी, मग लावायच्या आधी पुन्हा, भरपूर भिजवायची. सुका जांभा गिलाव्यातलं पाणी क्षणात ओढून घेतो. लावल्यावर ओलं गोणपाट टांगून ठेवायचं, ऊन लागू द्यायचं नाही.

जोत्याजवळच्या पट्ट्यासाठी सुरखी मिसळली. परसात फुटक्या कौलांचा ढीग होताच. ती कुटून, पीठ चाळायच्या चाळणीतून चाळून: एक भाग चुना, एक सुरखी, दोन वाळू. सुरखीचा चुना ओलसर जागीही धरतो. कुटणं हे मात्र हातांचं मरण आहे. नवरा गिरणीवाल्याला विचारून आला. काय उत्तर मिळालं ते त्याने मला सांगितलं नाही.

सांध्यांमधली निघून गेलेली मातीही याच मिश्रणाने भरली. काही ठिकाणी अख्खा हात आत जात होता. हात घालण्याआधी काठी घाला, विंचू असतात.

17 फेब्रुवारी 2024

ओटीच्या चार खांबांपैकी दोन खाली कुजलेले. खांब तळखड्यावर (खालच्या बैठकीच्या दगडावर) उभे आहेत, पण ओटीवर टाइल्स घालताना तळखडे बुडवून सिमेंट खांबाच्या बुंध्यापर्यंत आणलं होतं. पुसायचं पाणी, पावसाची झड, सगळं तिथे मुरत राहिलं. वरून ऑइलपेंट चकाचक. पेचकस टोचला तर मुठीपर्यंत आत गेला.

हे काम स्वतः करू नका. वाडीतल्या सुताराने तुळईखाली दोन धिरे दिले आणि खाली गाडीचा जॅक लावून दोऱ्यादोऱ्याने वर घेतलं. तुळई उचलली गेल्याचं डोळ्यांना दिसत नाही, वरची कौलं किरकिरायला लागतात त्यावरून कळतं. आवाज आला की तो थांबायचा, तंबाखू मळायचा, पुन्हा थोडं. खांबाचा कुजका फूटभर भाग कापून खाली ऐनाच्या लाकडाचा तुकडा बसवला, तिरका सांधा, दोन बोल्ट. तळखडा मोकळा केला आणि खांब आणि दगड यांच्यामध्ये शिशाचा पत्रा घातला. दोन खांबांना सामानासह 19 हजार.

वाळवीसाठी दुकानदार जमिनीत सोडायचं औषध देत होता. विहीर घरापासून जवळ आहे, म्हणून ते नाकारलं. त्याऐवजी जुन्या लाकडाला बोरॅक्स आणि बोरिक अ‍ॅसिड, दीडास एक, गरम पाण्यात विरघळवून ब्रशने दोन हात. हे पावसाने धुऊन जातं, तेव्हा फक्त आतल्या लाकडाला. वाळवी मुळात ओलीच्या मागे येते. चर खणल्यापासून नव्या नळ्या दिसलेल्या नाहीत.

2 मार्च 2024

माणसं संपली. आंबा सुरू. देवगडात मार्च ते मे मजूर मागणं म्हणजे नुसता वेळ घालवणं. जो तो बागेत, नाहीतर पेट्या भरायला. सुतारालाही स्वतःची कलमं आहेत. छपराचं काम आंब्याआधी काढायला हवं होतं. आता आम्ही दोघं, आणि शनिवार-रविवारी दीर.

30 मार्च 2024

शिमगा आटोपल्यावर छप्पर उघडलं. एकदम सगळं उघडायचं नाही, एका वेळी एक पाखी (छपराची एक उतरती बाजू). मागची पाखी आधी.

साधारण एकवीसशे कौलं. कोरडं कौल सव्वादोन-अडीच किलोचं, म्हणजे डोक्यावर पाच टन. तिघांची साखळी: एक छपरावर, एक शिडीवर, एक खाली. प्रत्येक कौल खाली आल्यावर बोटाच्या पेराने वाजवायचं. चांगलं कौल खण्ण वाजतं. तडा असला तर बद्द आवाज येतो, मग वरून कितीही धड दिसो. साधारण सहाशे कौलं अशी बाद झाली. शेवाळ साध्या ताठ ब्रशने काढलं. प्रेशर वॉशरने कौलाची वरची साय निघते, दोन कौलांवर करून पाहिलं आणि ते सोडलं.

कौलांच्या पाठीवर छाप आहेत. काहींवर बासेल मिशन आणि 1865. वाडीत सगळे सांगत होते की घर 1865 चं आहे, कौलावर लिहिलंय. ते बासेल मिशनचा मंगळूरचा कौलांचा कारखाना सुरू झाल्याचं साल आहे, कारखाना पुढे कित्येक वर्षं तेच छापत राहिला. आजोबांनी घर बांधलं ते बरंच नंतर. चुलत्यांना हे सांगितलेलं आवडलेलं नाही.

वासे बहुतेक फणसाचे, ठणठणीत. फक्त पागोळीकडची टोकं कुजलेली. अख्खा वासा बदलायची गरज नसते: दीड-दोन फूट टोक कापून नवा तुकडा तिरक्या सांध्याने जोडला, सांधा भिंतीच्या आतल्या बाजूला येईल असा. सुताराने रात्री येऊन दोन करून दाखवले, बाकीचे नवऱ्याने केले. रिपा (कौलं टेकतात त्या आडव्या पट्ट्या) जवळजवळ सगळ्या बदलल्या.

लाकडाला काजूच्या टरफलाचं तेल लावलं. स्वस्त, वाळवी लागत नाही, लाकूड काळं पडतं. पण ते बिब्ब्यासारखं उततं. नवऱ्याने हातमोजे घातले होते, तेल मनगटावरून आत ओघळलं आणि दोन्ही हात कोपरापर्यंत सुजले. डॉक्टर, गोळ्या, आठवडा बुडाला. लावायचंच असेल तर आधी कातडीला खोबरेल चोपडून, पूर्ण बाह्यांचा शर्ट, आणि डोक्यावरच्या लाकडाला कधीही नाही. खाली उतरवलेल्या लाकडालाच.

14 एप्रिल 2024

जुनी कौलं कमी पडली म्हणून पाडलेल्या एका घराची चारशे घेतली, 12 रुपयांनी, आणि नवी तीनशे, 38 रुपयांनी. मंगलोरी कौल म्हणजे सगळं एकच, असं धरून चाललो होतो. तसं नाही. दर कारखान्याचा साचा वेगळा. खाच आणि लांबी यात बोटाच्या पेराएवढा फरक असतो आणि दोन जातींची कौलं एकमेकांत बसतच नाहीत. वरून बसल्यासारखी वाटतात, खालून पाहिलं तर फटीतून आभाळ दिसतं.

तोवर मागच्या पाखीवर जुन्या मापाने रिपा ठोकून झाल्या होत्या. नवं कौल त्यांवर ठेवलं की वरच्या ओळीखाली कमी सरकायचं. अर्ध्या पाखीच्या रिपा उपसून पुन्हा ठोकल्या. मग अंगणात छापांप्रमाणे ढीग लावले: पश्चिमेच्या पाखीवर, जिथे पाऊस थेट येतो, सगळी एकाच छापाची जुनी, मागे नवी, विकत घेतलेली जुनी पडवीवर. रिपांच्या अंतरासाठी प्रत्येक जातीची वेगळी मापपट्टी करून घेतली. ही वाटणी कौलं उतरवतानाच केली असती तर एक अख्खा आठवडा वाचला असता.

कोने (आढ्यावर बसतात ती कौलं), वाहतूक धरून कौलांचा खर्च 31 हजारांच्या आसपास. पत्र्यांनी हेच काम लवकर झालं असतं आणि वांदरांची कटकट संपली असती. आजूबाजूला बहुतेकांनी त्यासाठीच पत्रे घातलेत, मी त्यांना नावं ठेवणार नाही. ऐन उन्हाळ्यात पत्र्याखाली एक दुपार काढून पाहिली आणि आमचं ठरलं.

7 मे 2024

आज आमच्या मतदारसंघात मतदान. मुंबईहून चुलत्यांची मुलं आली आहेत. कालपासून त्या सगळ्यांना धरून पश्चिमेची पाखी चढवली. आढ्यावरचे कोने संध्याकाळपर्यंत बसले. कोन्यांखाली सिमेंटऐवजी सुरखीचा चुना घातला, म्हणजे पुढच्या परतणीला (कौलं काढून पुन्हा लावताना) ती न फुटता निघतील. जेवणाला सोलकढी आणि सुरमई, त्याचा खर्च धरलेला नाही.

19 मे 2024

वळवाची पहिली सर. मागच्या पडवीचं छप्पर मुख्य छपराला जिथे मिळतं तिथून धार. पन्हळीचा पत्रा नवाच आहे, पण कौलांखाली चारच इंच सारलेला. पाणी जोरात आलं की काठावरून उलटून आत येतं. दोन्ही बाजूंना आठ-आठ इंच आत जाईल असा रुंद पत्रा वाकवून आणला, काठाला उभी घडी मारून घेतली. दुसरी गळती पश्चिमेला: एका जागी वासे वाकल्याने पाखीला पोट पडलंय, तिथे उतार कमी होऊन वाऱ्याने पाणी मागे सरतं. वाशांवर पाचरी ठोकून रिपा एका रेषेत आणल्या. दोऱ्याने रेषा आधीच बघायला हवी होती, हे सुताराने सांगितलं नसतं तरी चाललं असतं.

9 जून 2024

मिरग. चुन्याचं काम बंद. दमट हवेत तो सुकत नाही, सुकल्यासारखा दिसतो आणि खरवडला तर लोणी. वायरिंग सुरू केलं. जुनं लाकडी पट्टीवरचं, अर्थिंग नाहीच. परवानाधारक वायरमन, नवा बोर्ड, 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की प्रवाह तोडणारा स्विच). सड्यावर अर्थिंग लागत नाही, खाली सगळा जांभा. खड्डा विहिरीच्या बाजूच्या मातीत नेला, मीठ आणि कोळसा घालून. एकूण 68 हजार.

जमिनीचं आमचं भांडण याच आठवड्यात मिटलं. नवऱ्याला शेणाने सारवलेली जमीन हवी होती. फोटोत सुंदर दिसते. पण आम्ही इथे वर्षातले मोजके आठवडे असणार, दर आठवड्याला सारवणार कोण? माजघरात टाइल्स उखडून शहाबादी लादी, वाळू-चुन्यावर, सांधे चुन्याचे. 54 हजार.

20 जुलै 2024

जोराचा पाऊस सुरू असताना मुद्दाम चार दिवस आलो. चरात गुडघाभर पाणी वाहतंय, म्हणजे आजवर एवढं पाणी जोत्यात जात होतं. प्लास्टिकचे तुकडे पुन्हा चिकटवले: माजघर आणि दक्षिणेची खोली कोरडी. पश्चिमेला, जिथे वरचं सिमेंट ठेवलं, तिथे ते संपतं त्या रेषेवर ओल आणि लोणा. वरून भिजलेलं पाणी सिमेंटमागून उतरून तिथे बाहेर येतंय. नवरा एक शब्द बोलला नाही, नुसता माझ्याकडे बघत राहिला.

31 ऑगस्ट 2024

सात सप्टेंबरला चतुर्थी. आत चुन्याची सफेदी, पातळ, तीन हात, त्यात थोडा डिंक. गणपतीची भिंत तेवढी सोडली. तिच्यावर दरवर्षीच्या चित्रांचे थर आहेत. पोपडा निघालेल्या जागी खाली निळा, त्याखाली गेरू, त्याखाली कुणाच्या तरी हातचं अर्धं कमळ. त्या भिंतीला ओल नाही, मग हात लावायचं कारण नाही. माटवीचे (गणपतीवर फळं टांगतात त्या चौकटीचे) आकडे तुळईत नव्याने ठोकले. नारळ, शहाळी, तवशी मिळून वजन चांगलंच होतं, जुने आकडे गंजून सुतळीएवढे राहिले होते.

19 ऑक्टोबर 2024

आतापर्यंतचा हिशेब: चर 28 हजार, चुना-वाळू-वाहतूक 62, लाकूड आणि सुतार 1 लाख 86, कौलं 31, वायरिंग 68, लादी 54, अवजारं आणि भाडी 24. मिळून 4 लाख 53 हजार. रेल्वेचं भाडं आणि आमच्या रजा यात नाहीत.

राहिलेलं : पश्चिमेचं वरचं सिमेंट काढणार आहोत. चिऱ्याचं तोंड जाईल तिथे सुरखीच्या चुन्याने नवं तोंड करायचं. एका कोपऱ्यावर करून पाहिलंय, या पावसात टिकलं. चुलीच्या खोलीला अजून हात लावलेला नाही. वांदरांनी गणपतीनंतर चाळीसेक कौलं फोडली. त्याच छापाची जुनी आता जवळपास मिळत नाहीत, तेव्हा पडवीवर त्या छापाची निघतील ती काढून पश्चिमेला लावायची आणि पडवीला नवी. त्यांची ऑर्डर या महिन्यातच द्यायची. मार्च उजाडला की टेम्पो आंब्याच्या पेट्यांना लागतात, कौलं आणायला कुणी येत नाही.